खरेदीदार कोण?

उत्तम प्रतीची काष्ठौषधी मिळत नाही, ही तक्रार आपल्या व्यवसायात आता नित्याची झाली आहे. फार्मसीत येणाऱ्या पोत्यावर द्रव्याचे नाव असते. ते कोणत्या भूमीत वाढले, केव्हा खणले, कसे वाळविले, हे विक्रेत्यासही सांगता येत नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या ३६ व्या अध्यायात औषधी द्रव्यांसाठी भूमीची परीक्षा सांगितली आहे. भूमीच न पाहता ती परीक्षा व्हावी कशी?

पुण्याजवळ मोशी येथे डिसेंबरात भरणाऱ्या 'किसान' कृषी प्रदर्शनास आम्ही प्रथमच गेलो, तेव्हा या तक्रारीची दुसरी बाजू समोर आली. ट्रॅक्टर, ठिबक सिंचन व फवारणीचे ड्रोन यांच्या गर्दीतून वाट काढीत आम्ही औषधी वनस्पतींच्या रोपांपाशी पोहोचलो. शतावरी, अश्वगंधा यांची चौकशी करणारे शेतकरी लागवडीपेक्षा एकच प्रश्न अधिक विचारीत होते : "माल घेणार कोण?" उत्तर देण्यास एकही फार्मसीधारक तेथे आम्हांस आढळला नाही.

हा प्रश्न अनुभवातून उपजला आहे. या शतकाच्या आरंभी सफेद मुसळीच्या लागवडीची लाट आली. महाग बेणे विकले गेले. कंद परत घेण्याची आश्वासने मात्र अनेकांच्या बाबतीत हवेत विरली. शतावरीची मुळे काढणीस येण्यास साधारण दीड ते दोन वर्षे लागतात. खरेदीची हमी नसता इतका काळ जमीन कोण अडकवील? मुळांना चिकटलेली माती पुढे प्रयोगशाळेत आम्लात न विरघळणाऱ्या राखेच्या रूपाने उघड होते, हेही शेतकऱ्यास कोणीतरी सांगावयास हवे.

केंद्र शासनाने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले. परंतु शासन लागवडीस साहाय्य करील. खरेदीदार आपणांतूनच पुढे यावा लागेल.

लहान फार्मसीचे मालक म्हणतील, आमची गरज ती केवढी! म्हणूनच जिल्ह्यातील फार्मसीधारकांनी वार्षिक मागणी एकत्र करावी. पेरणीपूर्वी शेतकरी गटाशी लेखी करार करावा. धुणे, वाळविणे व कीटकनाशकांचा वापर यांच्या अटी त्यात स्पष्ट असाव्यात आणि भाव केवळ वजनावर न ठरविता तपासणीच्या अहवालाशी जोडावा. संघटनेने पुढील प्रदर्शनात एक गाळा घेऊन कोणते द्रव्य, किती व कोणत्या प्रतीचे हवे, याचा फलक लावावा.

असा माल काहीसा महाग पडेल, हे आम्हांस मान्य आहे. तथापि तपासणीत नापास झालेली बॅच त्याहून महाग पडते. आणि तपासणीवाचून रुग्णाच्या पोटात गेलेल्या हीन द्रव्याची किंमत तर शास्त्रासच मोजावी लागते.