ज्ञानरचनावादाचा जन्म २००५ चा नव्हे

१/ ‘ज्ञानरचनावाद हे परदेशी खूळ, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ते आपल्या शाळांवर लादले.’ हे वाक्य शिक्षणावरच्या प्रत्येक वादात ऐकू येते. इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही. पुरावा कोसबादच्या टेकडीवर आहे. #थ्रेड

२/ आधी संज्ञा. ज्ञान ही शिक्षकाने ओतायची आणि मुलाने साठवायची वस्तू नव्हे. आपल्या अनुभवाला नवे जोडत मूल ते स्वतः रचते, हा या विचाराचा गाभा. पियाजे आणि वायगॉट्स्की यांनी त्याला मानसशास्त्राचा पाया दिला.

३/ आता घटनाक्रम. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाच्या कार्यात उतरल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या.

४/ प्रेरणा मॉन्टेसरीबाईंची, म्हणजे परदेशीच, हे मान्य. परंतु तिची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंखशिंपले, बिया, पाने आणि खडे यांनी घेतली. याला आयात म्हणत नाहीत. याला पचवणे म्हणतात.

५/ पुढे कार्य कोसबादला, वारली वस्तीत गेले. मूल शाळेत येत नाही? मग शाळा त्याच्या अंगणात भरली: अंगणवाडी. मूल गुरांमागे जाते? मग शाळा कुरणात गेली: कुरणशाळा. मुलाचे जगणे हा शिक्षणातला अडथळा नसून शिक्षणाचा आरंभ आहे, हे येथे कृतीने सिद्ध झाले.

६/ तारखा जुळवून पाहा. वायगॉट्स्कीचा प्रमुख ग्रंथ इंग्रजीत आला १९६२ मध्ये. बोर्डीचे केंद्र त्याच्या १७ वर्षे आधीचे.

७/ समर्थकांनाही चार शब्द. फरशीवर रंगीत वर्तुळे आखली, भिंती तक्त्यांनी भरल्या, छायाचित्रे वरिष्ठांना पाठवली, की वर्ग ज्ञानरचनावादी होतो काय? उत्तर आधीच ठरलेले असेल, तर खडू जाऊन खडे आले, एवढाच फरक!

८/ ‘मग सनावळ्या पाठ करायच्याच नाहीत का?’ अवश्य करा. शिवछत्रपतींचे निधन १६८० चे आणि सभासद बखर १६९७ च्या सुमाराची, हे ठाऊक असल्याशिवाय ‘मधल्या १७ वर्षांत आठवणीचे काय झाले असेल?’ हा प्रश्न सुचणारच नाही. मात्र सन पाठ करवून घेऊन हा प्रश्न दडपणारा तास इतिहासाचा नव्हे.

९/ हा वाद केवळ विद्वानांचा नाही. घोकंपट्टीच्या शाळेत घरची बोली वेगळी असलेले मूल पहिल्याच वर्षी ‘मठ्ठ’ ठरते आणि निमूटपणे गळते. ‘खूळ’ म्हणणाऱ्यांनी त्या मुलासाठी आपल्याजवळ दुसरा कोणता मार्ग आहे, ते आधी सांगावे.