ही वाचनखूण कोणाची?

आमच्या गावच्या वाचनालयातून दिवाळी अंक घरी आणला, की मी आधी त्यातील गोष्टी वाचत नाही, समास वाचतो. तो अंक ज्या घरांतून फिरून आलेला असतो, त्यांपैकी कोणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘छान’, ‘शेवट पटला नाही’, नाहीतर ‘ओढूनताणून’ असे लिहून ठेवलेले असते. वाचनालयाच्या नियमाप्रमाणे हा गुन्हाच. पण त्या अनोळखी माणसावर माझा समीक्षकांहून अधिक विश्वास आहे. का? तर त्याला त्यातून काहीही मिळावयाचे नसते. वाचनखुणेचे सारे मोल या एका गोष्टीत आहे, आणि नेमकी तीच गोष्ट आपण बाजारात नेऊन बसविली, अशी माझी तक्रार आहे.

२००३ साली अमेरिकेत जोशुआ शॅक्टर या गृहस्थांनी ‘डिलिशस’ नावाचे संकेतस्थळ काढले. आंतरजालावर वाचलेले पान पुन्हा सापडावे म्हणून त्याचा पत्ता तेथे नोंदवावयाचा, ‘पाककृती’, ‘गणित’, ‘प्रवास’ अशी एखादी चिठ्ठी त्याला डकवावयाची, आणि ही टिपणवही चारचौघांना पाहू द्यावयाची, एवढीच कल्पना. एकाच पानावर शंभर अनोळखी माणसांनी, एकमेकांना न विचारता, खूण केली, तर त्या पानात काही अर्थ असावा हे उघडच होते. २००४ साली ‘डिग’ आले. तेथे वाचकांनी मते द्यावयाची आणि अधिक मतांचे पान पहिल्या पृष्ठावर चढावयाचे. तेथे नाव लागले, की वाचकांचा असा लोंढा येई, की लहानसे संकेतस्थळ त्या भाराखाली बंदच पडे.

झाले! गुळाची ढेप दिसली आणि मुंगळे लागले. लेखकांना आणि दुकानदारांना उपदेश करणारे पंडित निपजले. आपलेच पान आपणच दहा ठिकाणी नोंदवा, कंपू जमवा, तुम्ही आमच्यावर खूण करा, आम्ही तुमच्यावर करतो, मथळ्यात ‘१० युक्त्या’ असा आकडा घाला! शोधयंत्रे दुव्यांना मतांप्रमाणे मोजतात, हे हेरून जाहिरातबाजांनी खोट्या दुव्यांचे पीक आधीच काढले होते. इतके, की २००५ च्या जानेवारीत गूगलादी शोधयंत्रांना ‘हा दुवा मोजू नका’ असे सांगणारी निशाणी ठरवावी लागली. त्यातून कोणी धडा घेतला नाही.

हे मी सोवळ्यात राहून बोलत नाही. २००९ साली मीही आंतरजालावर एक दीर्घकथा प्रसिद्ध केली होती. आठवडा लोटला तरी वाचणारे अकराच. मग मी जे केले त्याची आज लाज वाटते. नववीच्या वर्गाला संगणकांच्या खोलीत नेले, मुलांना एका खूणस्थळावर नावे नोंदवून दिली, फळ्यावर कथेचा पत्ता लिहिला आणि म्हणालो, “सर्वांनी येथे मत द्या.” मते पडू लागली. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला.

“सर, गोष्ट वाचायची पण आहे का?”

तिच्या स्वरात उपरोध नव्हता. गृहपाठ नीट समजून घ्यावा तसे तिने विचारले. “वेळ मिळाला तर वाच,” असे मी उत्तर दिले. मराठी शिकविणाऱ्या मास्तराने! त्या दुपारी मी ४२ मुलांना न वाचता ‘आवडले’ म्हणावयास शिकविले. तो धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता; पण माझ्या इतर धड्यांपेक्षा तो त्यांना पक्का आठवत असेल, अशी मला भीती वाटते.

यावर आमचे तरुण लेखकमित्र म्हणतील, “मास्तर, उपदेश ठीक आहे; पण नवख्याला ओळखतो कोण?” प्रश्न खरा आहे. वाचक मिळावा ही इच्छा पाप नव्हे. ज्याला ती नाही त्याने लिहून पेटीत ठेवावे. आपण काही लिहिले आहे हे चार जणांना कळविण्यातही गैर काही नाही. चकल्या केल्या तर शेजारी ताट पाठवावेच. पण ताटाबरोबर ‘चकल्या उत्तम झाल्या’ असे शेजारणीच्या नावाचे प्रशस्तिपत्रही आपणच लिहून पाठवू नये! आमंत्रण देणे निराळे आणि खोटा साक्षीदार उभा करणे निराळे.

बरे, इतके करून वाचक मिळतो का? लोंढा येतो तसाच ओसरतो. माझ्या कथेवर त्या आठवड्यात पुष्कळ लोक डोकावले. एकानेही दोन ओळींचे पत्र लिहिले नाही. २०१० च्या ऑगस्टात ‘डिग’ने नवी रचना आणली. तिच्यात प्रकाशकांना आपला मजकूर आपोआप नोंदविण्याची सोय होती. म्हणजे विक्रेताच साक्षीदार झाला. वाचक खवळले. त्यांनी पहिल्या पृष्ठावर प्रतिस्पर्धी ‘रेडिट’चे दुवे चढविले आणि पुष्कळ जण तिकडेच निघून गेले. २०१२ साली ‘डिग’ विकले गेले. ‘डिलिशस’ या हातातून त्या हातात जात २०१७ पासून नव्या नोंदी घेईनासे झाले, आणि ‘स्टंबलअपॉन’ २०१८ साली बंद पडले. याला इतरही कारणे असतील. पण ज्या खुणेमागे वाचक नाही तिच्यासाठी कोणी किती दिवस थांबावे?

आज त्या खुणांची जागा अंगठ्यांनी घेतली आहे. घरच्या व्हॉट्सॲप गटावर काका लेख पाठवितात आणि आपण तो न उघडताच अंगठा देतो. काकांचे मन राखले असे आपल्याला वाटते. परंतु तो लेख कोणी वाचला, हे बिचाऱ्या काकांना कधीच कळत नाही.

वाचकहो, फराळाच्या ताटाशी बसून हा अंक चाळताना एवढे करा. न वाचलेल्यावर खूण करू नका, मग तो लेख प्रत्यक्ष भावाचा का असेना. जे आवडेल ते एकाच माणसाच्या हाती द्या, पण का आवडले ते सांगून द्या. आणि माझे हे म्हणणे पटले नाही, तर समासात पेन्सिलीने तसे स्पष्ट लिहा. वाचनालयाने दंड केला तर तो मी भरीन. निदान कोणीतरी शेवटपर्यंत वाचले, एवढे तरी मला कळेल.