बाटली अख्खी परत जाऊ द्या

अँटॉप हिलकरहो, सॉसची बाटली, कॉफीची बरणी, खोकल्याच्या औषधाची शिशी रिकामी झाली की ओल्या कचऱ्यात टाकू नका. पालिकेची गाडी कचरा दाबून नेते. त्यात बाटली फुटते, तिचा चुरा खरकट्यात आणि भाजीच्या देठांत मिसळतो आणि ती काच वायाच जाते. पुढे कचरा निवडणाऱ्या बाईच्या बोटांत ती शिरते. हातमोजे सगळ्यांकडे नसतात.

जीव तुटतो तो यासाठी, की काच फेकण्याची वस्तूच नाही. वाळू, सोडा आणि चुनखडी सुमारे १५०० अंशांवर वितळवून ती होते. जुन्या काचेला त्याहून कमी आच पुरते. भट्टीत दर १० टक्के जुनी काच घातली की इंधन अडीच-तीन टक्क्यांनी वाचतं, वाळूचा उपसाही कमी होतो. शिवाय काच कितीदाही वितळवा, तिचा कस उतरत नाही. तळेगावचा काच कारखाना १९०८च्या सुमारास लोकांकडून पैसा-पैसा जमवून उभा राहिला. १९१६मध्ये कराडजवळ ओगल्यांचा निघाला, त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोचला. इतक्या जिद्दीने मिळवलेली काच आपण उकिरड्यावर घालवतोय.

बाटली परत भट्टीपर्यंत नेणारी वाट अजून आहे, ती भंगारवाल्याची. पण तो लोखंड, पुठ्ठा आनंदाने घेतो आणि काच म्हटली की नाक मुरडतो. त्याचं चुकत नाही. काच जड, भाव कवडीचा, फुटली तर पोतं फाटतं. एका घरच्या दोन बाटल्या त्याला परवडत नाहीत, अख्ख्या इमारतीचं पोतं परवडतं.

म्हणून सरकारी वसाहतीत, संगमनगरात, कोकरी आगारात, प्रत्येक इमारतीने आणि चाळीने जिन्याखाली काचेसाठी वेगळं पिंप ठेवलंच पाहिजे. बाटली विसळून, झाकण काढून, अख्खी ठेवा. फुटली असेल तर जाड कागदात गुंडाळा, वर ठळक अक्षरांत ‘काच’ लिहा आणि सफाई कामगाराच्या हाती सांगून द्या. आरसा, बल्ब, ट्यूबलाइट, ओव्हनची भांडी, कपबशी पिंपात नकोत. चिनीमातीचा बारीक खडा भट्टीत वितळत नाही, नव्या बाटलीत तसाच राहतो आणि तिथूनच ती तडकते.

पैसे थोडे येतील. ते कचरा निवडणाऱ्या बायकांच्या हातमोज्यांसाठी द्या. सोसायटीच्या येत्या मीटिंगमध्ये पाण्याच्या विषयानंतर लगेच हा विषय घ्या आणि पिंप कोण आणणार, भंगारवाल्याशी कोण बोलणार, ते उठण्याआधी ठरवा.