चिखल्या : पाय धुतले, पण पुसले का?

तरणा पाऊस सरून म्हातारा लागला, की रविवारच्या मिस्सेला येणाऱ्या माणसांच्या चालीवरूनच आम्हांला कळते, कोणाची रोपलावणी आटोपली आणि कोणाची अजून चालू आहे. ज्यांची चालू असते ती माणसे, त्यातही बायका, टाचेवर भार देऊन, पायाची बोटे फाकवून चालतात. चपला दारातच काढलेल्या असतात. त्यामुळे कम्युनियनच्या रांगेत बोटांच्या बेचक्यांतले पांढरे, भिजून फुगलेले कातडे आमच्या नजरेतून सुटत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले : "काही नाही फादर, चिखल्या झाल्यात. पाऊस गेला की जातील."

या "काही नाही" बद्दल आज आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत.

चिखल्या चिखलाने होतात असे नावावरून वाटते. चिखलाचा दोष आहेच, पण निम्मा. दिवसभर पाण्यात राहिलेले कातडे भिजते, फुगते आणि मऊ पडते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांच्यामधली बेचकी सर्वांत अरुंद, म्हणून तेथे वारा लागत नाही आणि चिखल्यांची सुरुवात बहुधा तेथूनच होते. अशा मऊ कातड्यावर बुरशी रुजते. भिजलेल्या भाकरीवर धरते तशीच ती पायावर धरते; वरच्या मेलेल्या कातडीवर ती पोसते. मग खाज, मग चीर, आणि चिरेतून दुसरे जंतू आत शिरले की दुर्गंधी, पू आणि सूज. बुरशीला हवी असते ओल, ऊब आणि अंधार. या तिन्हींपैकी ओल तेवढी आपल्या हातात आहे.

पवित्र गुरुवारी आपण पाय धुण्याचा विधी करतो. योहानाच्या शुभवर्तमानातील १३ वा अध्याय सर्वांना तोंडपाठ आहे, परंतु त्यातील एक गोष्ट आपण विसरतो. प्रभूने शिष्यांचे पाय नुसते धुतले नाहीत. कमरेला बांधलेल्या रुमालाने ते पुसलेही. आपल्याकडे पाय धुण्याची शिस्त फार चांगली आहे. शेतातून आलेला माणूस पायांवर तांब्याभर पाणी घेतल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. पण पुसतो कोण? दोनदा पाय झटकले, पायपुसण्यावर घासले, झाले. पायपुसणे आधीच दहा जणांनी ओले केलेले. त्या ओल्या गोणपाटावर एकाची बुरशी दुसऱ्याच्या पायाला लागते ती वेगळीच.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की चिखल्यांवरचे पहिले औषध कोरडे फडके हे होय. बाकी सारी औषधे त्याच्या मागून. जुन्या लुगड्याच्या किंवा धोतराच्या सुती पट्ट्या फाडाव्यात, घरातल्या प्रत्येकाची पट्टी वेगळी ठेवावी, आणि पाय धुतल्यावर प्रत्येक बेचकी बोटाने फाकवून पुसावी. पावसात फडके वाळत नाही ही तक्रार खरी आहे. चुलीच्या वर दोरी बांधावी. तेथे मिरच्या आणि कांदे वाळतात, तसे फडकेही वाळते. ज्या फडक्याने पाय पुसले त्याने जांघ किंवा काख पुसू नये, नाहीतर पायाचाच नायटा वर चढतो. पुसल्यावर निदान अर्धा तास पाय मोकळे, चुलीच्या उबेला पण अंगारापासून दूर ठेवावेत.

आता घरगुती औषधांकडे वळू. आमच्या आजीच्या पिढीने जी औषधे वापरली त्यांना हसणाऱ्यांपैकी आम्ही नाही, आणि डोळे मिटून ती सारी पायांना फासावीत असे म्हणणाऱ्यांपैकीही नाही. मेंदीचेच घ्या. लावणीपूर्वी हातापायांना मेंदी लावण्याची बायकांची जुनी रीत आहे. ती नटण्यासाठी नाही. मेंदीचा रंग कातडीच्या वरच्या थराला घट्ट धरतो, आणि त्या रंगद्रव्यात बुरशीला आवर घालण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसून आलेला आहे. मात्र ती ताज्या पानांची वाटावी, लावणीच्या दोन दिवस आधी लावावी, म्हणजे कातडे धड असताना. चीर पडल्यावर लावणे म्हणजे आग ओढवून घेणे. बाजारात "काळी मेंदी" म्हणून पुड्या मिळतात, त्यांत केसांच्या कलपातले रसायन घातलेले असू शकते. त्याने पाय उतून आलेले आम्ही पाहिले आहेत.

खोबरेल तेल किंवा कोकमाचे तेल सकाळी शेतात उतरण्यापूर्वी कोरड्या पायाला चोळावे, म्हणजे पाणी कातडीत मुरण्यास थोडा अडसर होतो. रात्री मात्र ओल्या बेचकीत तेल घालू नये. ओल आतच कोंडली जाते. टाचांच्या भेगांना कोकमाचे तेल वितळवून भरावे. त्यासारखे स्वस्त औषध नाही. पण भेगा वेगळ्या आणि चिखल्या वेगळ्या. एकाला मऊपणा हवा, दुसऱ्याला कोरडेपणा. हा फरक न ओळखल्यामुळे निम्मे उपाय वाया जातात. मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटे पाय बुडवून मग नीट पुसले तर वास आणि चिघळ कमी होते. कडुलिंबाच्या पाल्याचा काढा बरा, निदान अपाय नाही. लसणीचे तसे नव्हे. लसणीत बुरशी मारणारा घटक आहे खरा. १९९० च्या दशकात व्हेनेझुएलामध्ये त्या घटकाचे मलम करून पायाच्या बुरशीवर वापरले, तेव्हा गुण आला होता. पण ते वेगळे काढून मोजून केलेले मलम होते. कच्ची लसूण ठेचून बेचकीत बांधली तर कातडे भाजते.

आणि बिब्बा. याविषयी आम्ही कडकच बोलणार. सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरून त्याचे थेंब पायावर सोडण्याची पद्धत अजून आपल्या गावांत आहे. बिब्बा उतला की फोड, पाणी, ताप, आणि मग लावणीच्या ऐन दिवसांत माणूस अंथरुणाला. आमच्याही पायाला लहानपणी बिब्बा लागलेला आहे; डाग अजून गेलेला नाही. मोरचूद, चुना, बॅटरीचे पाणी, रॉकेल या साऱ्यांची तीच जात. कातडे जळते तेव्हा खाज थांबते, आणि आपण समजतो गुण आला.

बिब्ब्याहून साळसूद दुसरे एक संकट हल्ली आले आहे. औषधाच्या दुकानात जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हटले, की पुष्कळदा अशी ट्यूब हाती पडते जिच्यात बुरशीचे औषध आणि स्टेरॉइड एकत्र असते. पेटीवर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असे काही लिहिलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि बाईला वाटते हे देवदूताचेच औषध. आत मात्र कातडीची स्वतःची लढण्याची ताकद कमी होते, बुरशी पसरते, कातडे पातळ होते. ट्यूब बंद केली की दुप्पट खाज. म्हणून पुन्हा ट्यूब. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ संयुक्त औषधांवर बंदी घातली. तींत अशी काही मलमेही होती. तरी दुकानांतून हा माल गेला असे नाही. अंगावरचा नायटा आपल्या देशात एवढा हट्टी का झाला, याच्या कारणांत जाणकार या ट्यूबांनाही धरतात. २०२० साली जपानी संशोधकांनी नायट्याच्या एका बुरशीला नवे नाव दिले : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच भारत आला! तिच्यावर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध पुष्कळदा चालत नाही.

ट्यूब घ्यायचीच तर साधी एक टक्का क्लोट्रिमॅझोलची घ्यावी, तीत दुसरे काही मिसळलेले नसावे. सकाळ-संध्याकाळ, कोरड्या बेचकीत, पातळ थर. कातडे बरे दिसू लागल्यावरही आणखी दोन आठवडे. येथेच सारे चुकतात. खाज गेली की ट्यूब कोनाड्यात जाते, आणि उरलेली बुरशी पुढच्या भिजण्याची वाट पाहते.

काही पायांना मात्र घरगुती उपाय करूच नयेत. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची जाणीव हळूहळू कमी होते. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध मातेने चिखल्या शेकण्यासाठी पाय कढत पाण्यात बुडवले. तिला ते कोमट वाटले. ती वाचली, पण दोन बोटे गेली. इस्पितळात तिला भेटलो तेव्हा आम्हांला संत डेमियन आठवले. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करताना १८८४ च्या डिसेंबरात त्यांनी पाय कढत पाण्यात घातला, फोड आले आणि चटका मुळीच जाणवला नाही. त्यावरूनच त्यांना स्वतःला रोग जडल्याचे उमगले. म्हणून पाणी नेहमी दुसऱ्याने कोपर घालून पाहावे. अंगावरच्या चट्ट्याला खाज नसेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर तो नायटा समजून मलम चोळीत बसू नये. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि लवकर घेतले तर व्यंग राहत नाही. पाय घोट्यापर्यंत लाल, गरम होऊन सुजला, किंवा जांघेत गाठ येऊन थंडी वाजली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि लावणीच्या दिवसांत एकाएकी ताप भरला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर "मी भातशेतीच्या पाण्यात काम करतो" हे वाक्य डॉक्टरांना आधी सांगावे. उंदराच्या मुताने दूषित झालेले पाणी चिखल्यांच्या चिरांतून अंगात जाते आणि लेप्टोस्पायरोसिस होतो. त्यात उशीर जिवावर बेततो.

इतके सारे सांगूनही मूळ दुखणे राहतेच. कोरडे फडके प्रत्येक घरात आहे. मग चिखल्या बायकांच्याच पायांत अधिक का? आम्ही घरभेटीस जातो तेव्हा पाहतो. घरचा पुरुष औत किंवा पॉवर टिलर सोडून येतो, पाय धुतो, पुसतो, खाटेवर बसून बिडी पेटवतो. तितकाच वेळ वाकून लावणी केलेली बाई येते ती पाय धुऊन थेट चुलीकडे, तेथून गोठ्यातल्या शेणात, मग भांड्यांच्या पाण्यात, मग न्हाणीच्या ओल्या फरशीवर. तिचे पाय कोरडे होतात ते अंथरुणावर पडल्यावर. सकाळी पुन्हा पाणी. अशा पायावर मेंदी काय करील, क्लोट्रिमॅझोल तरी काय करील?

म्हणून लावणीच्या महिन्यात संध्याकाळची भांडी आणि गोठा घरच्या पुरुषांनी व मोठ्या मुलांनी करावा असे आमचे सांगणे आहे. "फादरना संसार नाही, त्यांना काय कळते," असे दीपमाळेच्या कट्ट्यावर नव्हे तर आपल्याच चर्चच्या पायरीवर म्हटले जाईल, हे आम्ही जाणतो. म्हणू द्या. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली पवित्र गुरुवारच्या विधीत स्त्रियांचेही पाय धुण्यास मोकळीक दिली, तेव्हाही आपल्याकडे काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. गंमत अशी, की त्या विधीला बायका येतात त्या घरी पाय घासून, स्वच्छ करून, कारण भेगा दिसल्या तर लाज वाटते. पवित्र गुरुवार येतो उन्हाळ्यात. तेव्हा चिखल्या नसतात. ज्या पायांना खरोखर धुण्यापुसण्याची गरज असते ते पाय आषाढ-श्रावणात असतात, आणि तेव्हा वेदी नसते, घरच असते.

मजुरीने लावणी करून घेणाऱ्यांनाही एक विनंती. बायांना दुपारी भाकरी खायला बांधावर बसवता, तेथे एक घागर स्वच्छ पाणी आणि चार कोरडी फडकी ठेवा. पाऊण तास पाय कोरडे राहिले तरी पुष्कळ फरक पडतो. खर्च शून्य आहे.

पुढील तीन रविवारी पहिल्या मिस्सेनंतर आमच्या दवाखान्यातील सिस्टर सभागृहात बसून पाय पाहणार आहेत. आधी बायकांचे, मग पुरुषांचे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी चिखल्या नसल्या तरी यावे. जी ट्यूब लावत असाल ती बरोबर आणावी, संपलेली असली तरी. पेटी असेल तर अधिक चांगले, म्हणजे बारीक अक्षरे वाचता येतील.