मेंबर निवडला, पुढे काय?

आमच्या शिरड शहापुरात ग्रामपंचायतीची निवडणूक आली की मोहल्ल्यात एकच हिशोब चालतो : आपला मेंबर येईल का? निकालाच्या दिवशी गुलाल उडतो, मग पाच वर्षं पंचायतीकडे कुणी फिरकत नाही. मी स्वतः मेंबर आहे, म्हणून सांगतो : मासिक सभेत माझं एकच मत असतं, ग्रामसभेत मात्र प्रत्येक मतदाराला बोलता येतं.

वर्षात किमान 4 ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लागतात. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे आपण घरी बसलो तरी नालीचा, नळाचा, घरकुलाचा ठराव होतोच, फक्त आपल्याविना. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा असते, बहिणींनी तिथे जावंच.

कब्रस्तानच्या भिंतीसाठी बोला, तसंच शेजारच्या वस्तीच्या पाण्यासाठीही बोला. तेव्हाच लोक तुम्हाला गावाचा माणूस म्हणतील. उमेदवारीला वय 21 लागतं. ग्रामसभेला मतदार यादीत नाव पुरेसं आहे. पुढच्या सभेची नोटीस लागली की या.