आधी माठ, मग व्याख्या

दहावीतल्या एखाद्या हुशार मुलाला विचारा, ‘माठातले पाणी गार का होते?’ उत्तर तयार असते : ‘बाष्पीभवनामुळे!’ व्याख्याही स्वल्पविरामासकट पाठ असते. आता पुढचा प्रश्न विचारा. हाच माठ नागपुरात मे महिन्यात पाणी इतके गार करतो, मग मुंबईत जुलै महिन्यात का रुसतो? इथे गाडी अडते.

दोष मुलाचा नाही आणि ‘बाष्पीभवन’ या शब्दाचाही नाही. आपण वस्तू दाखवण्याआधी शब्द हातात देतो, हे खरे दुखणे आहे. शब्द मिळाला की मुलाला वाटते, उत्तर मिळाले.

मी शास्त्रज्ञ नाही. उमेदीची वर्षे बँकेत लेजरे तपासण्यात गेली, उरलेली कादंबऱ्या लिहिण्यात. पण लेजर एक गोष्ट शिकवते : रक्कम हवेत विरत नाही. एका खात्यात नावे पडली, तर दुसरीकडे कुठेतरी ती जमा असतेच. निसर्गाची वहीही अशीच चोख आहे.

चहाचे आधण घ्या. २० अंशांचे १ ग्रॅम पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला ८० कॅलरी उष्णता लागते. पुढे गॅस तसाच जळतो, पाणी खळखळते, पण तापमापीतला पारा १०० वरून हलत नाही. मग उष्णता जाते कुठे? एकमेकांना धरून बसलेले पाण्याचे कण सुटे करून त्यांची वाफ करण्यात ती खर्च होते. ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी! पाऱ्यावर हा खर्च दिसत नाही, म्हणून त्याला नाव पडले ‘अप्रकट उष्मा’. एवढे पाहिल्यावर हा शब्द मुलाला परका वाटेल का?

आता माठाकडे या. त्याच्या बारीक छिद्रांतून पाझरलेल्या पाण्यालाही वाफ होताना तसाच मोठा खर्च करावा लागतो. खाली चूल नाही, म्हणून ते पाणी ही उष्णता बरेचसे माठातूनच उचलते. देणारा गार होतो. मुंबईच्या पावसाळी हवेत वाफ आधीच ठासून भरलेली असते; नव्या वाफेला जागा थोडी, म्हणून उचल थोडी आणि गारवाही थोडा. नागपूरचा कूलर मुंबईत का चालत नाही, याचेही उत्तर यातच आले.

हे सारे आपल्या स्वयंपाकघरात रोज घडते. कुकरमध्ये कोंडलेल्या वाफेचा दाब वाढतो, पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि डाळ लवकर शिजते, हे आई रोज अनुभवते. तरीही मुलाचे पुस्तक समोर आले की ‘मला नाही बाई विज्ञानातले कळत’ म्हणून तीच बाजूला होते. हे मला फार लागते.

‘अभ्यासक्रम मोठा, वर्गात साठ मुले, कधी दाखवणार?’ हा शिक्षकांचा सवाल खोटा नाही. पण मध्य प्रदेशात, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली सोळा शाळांतून प्रयोगाधारित विज्ञान सुरू झाले. साधी मुले, साधे साहित्य, परीक्षेला पुस्तक उघडायची मुभा. सरकारने २००२ साली तो कार्यक्रम बंद केला. पण तीस वर्षे तो खेड्यापाड्यांतल्या सरकारी शाळांत चालला, हे विसरता येत नाही.

प्रश्न केवळ गुणांचा नाही. भारदस्त शब्द ऐकला की विचारणे थांबवायचे, ही सवय एकदा लागली की ती जन्मभर टिकते. बँकेच्या काउंटरपलीकडून मी शिकलेली माणसे पाहिली आहेत. योजनेचे नाव भारी, म्हणून पैसा येणार कुठून हे न विचारता सही करून मोकळी होणारी! गुडघेदुखीवर चुंबकाचे कडे विकणाऱ्यालाही असाच गिऱ्हाईक हवा असतो.

तेव्हा आजच्या रविवारी एक करा. एका माठात आणि एका स्टीलच्या पातेल्यात सारखे पाणी भरून शेजारी ठेवा. दोनतीन तासांनी मुलांना हात लावून पाहू द्या, भांडू द्या, तर्क लढवू द्या. उत्तर लगेच सांगू नका. व्याख्या कुठे पळून जात नाही. ती पुस्तकात आहेच.