चालती गाडी बंद पडते तेव्हा...

विशेष प्रतिनिधी

चालती मोटार अचानक बंद पडणे हा आपल्याकडे वैतागाचा विषय मानला जातो. धोक्याचा म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले जाते. गाडी कडेला घ्यावी, दोन-चार वेळा किल्ली फिरवावी आणि इंजिन सुरू झाले की पुढे निघावे, हा बहुतेकांचा शिरस्ता. पुन्हा तसेच घडले तर ओळखीच्या मेकॅनिककडे फेरी होते. पेट्रोलमध्ये कचरा आला असेल, असे निदान होते आणि विषय तेथेच संपतो. ही तक्रार कोठेही नोंदली जात नाही. सदोष गाड्या वेळेवर परत मागवल्या जाव्यात म्हणून केलेला कायदा मात्र अशा नोंदींच्या संख्येवर बऱ्याच अंशी विसंबून आहे.

होंडा कार्स इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ९०,४६८ गाड्या इंधन पंप बदलून देण्यासाठी परत मागवल्या. पंपातील इंपेलर हा फिरणारा भाग सदोष असण्याची आणि त्यामुळे इंजिन बंद पडण्याची वा सुरूच न होण्याची शक्यता असल्याचे कंपनीने सांगितले. याच पंपासाठी २०२० मध्ये ६५,६५१, तर २०२१ मध्ये ७७,९५४ गाड्या तिने परत बोलावल्या होत्या. मारुती सुझुकीनेही जुलै २०२० मध्ये इंधन पंपाच्या संभाव्य दोषासाठी वॅगन आर व बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या आणि मार्च २०२४ मध्ये आणखी सुमारे १६ हजार गाड्या परत मागवल्या. कंपन्यांनी दोष जाहीर करून भाग विनामूल्य बदलून दिले, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. प्रश्न आहे तो दोष पहिल्यांदा जाणवल्यापासून तो जाहीर होईपर्यंतच्या काळाचा.

नेमके काय घडते?

इंजिन बंद पडले की केवळ वेग मंदावत नाही. अनेक गाड्यांत स्टिअरिंगला मिळणारे साहाय्य थांबते आणि चाक एकाएकी जड होते. ब्रेकला इंजिनाच्या निर्वातामुळे मिळणारे बळ एक-दोनदा पेडल दाबेपर्यंतच टिकते. त्यानंतर पाय सर्व ताकदीनिशी दाबावा लागतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बोरघाटाच्या चढणीला, मागे कंटेनरची रांग असताना हे घडले, तर निर्णयासाठी काही सेकंदच हाती असतात. जुन्या घरगुती गाडीत या बिघाडाने माणूस फार तर दमत असे. आजच्या गाडीतील सुरक्षेच्या अनेक यंत्रणा मात्र इंजिन व वीज यांवर अवलंबून आहेत.

एका स्विचची कहाणी

बंद पडण्याच्या तक्रारीला ‘किरकोळ’ ठरवल्यास काय होते, याचा धडा अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या प्रकरणाने दिला. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आदी गाड्यांच्या इग्निशन स्विचची पकड ढिली होती. किल्लीला जड जुडगा लटकत असेल, चालकाचा गुडघा लागला किंवा चाक खड्ड्यात आदळले, तर किल्ली आपोआप मागे सरके. इंजिन बंद पडे आणि त्याबरोबर एअरबॅगही निष्क्रिय होत. म्हणजे ज्या क्षणी अपघाताची शक्यता सर्वाधिक, त्याच क्षणी बचावाचे साधन निकामी.

कोबाल्ट २००४ मध्ये बाजारात येतानाच कंपनीतील अभियंत्यांना किल्ली सरकत असल्याचा अनुभव आला होता. २००५ मध्ये काही उपाय सुचवले गेले. खर्च व वेळेचे कारण देऊन ते बाजूला ठेवण्यात आले. डीलरांना त्याच वर्षाअखेर सूचना गेली ती ग्राहकांना जुडग्यातील जड वस्तू काढण्यास सांगावे, अशी. इंजिन बंद पडले तरी गाडी चालकाच्या नियंत्रणात राहते, ही कंपनीची धारणा होती. म्हणून ही बाब सुरक्षेच्या रकान्यात न जाता ‘ग्राहकांच्या सोयी’च्या रकान्यात गेली. सारा अनर्थ या एका वर्गीकरणातून घडला. सोयीचा प्रश्न म्हटला की खर्चाचा हिशेब होतो. सुरक्षेचा प्रश्न असेल तर गाड्या परत बोलावणे कायद्याने बंधनकारक ठरते.

पुढे २००६ मध्ये स्विचची रचना सुधारण्यात आली, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला गेला. त्यामुळे जुन्या गाड्यांत एअरबॅग का उघडत नाहीत आणि नव्या गाड्यांत ही तक्रार का येत नाही, याचा उलगडा कंपनीच्याच तपासनिसांना वर्षानुवर्षे झाला नाही. सरकारी यंत्रणाही कमी पडली. अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनापुढे २००७ मध्ये एअरबॅग न उघडण्याच्या तक्रारी आल्या होत्या; तरी औपचारिक चौकशी सुरू झाली नाही.

दोष उघडकीस आला तो न्यायालयीन लढाईतून. जॉर्जिया राज्यात २०१० मध्ये कोबाल्ट चालवणाऱ्या एका तरुण परिचारिकेचा मृत्यू झाला. गाडी चालता चालता बंद पडते, अशी तक्रार करून तिने ती काही दिवसांपूर्वीच डीलरकडे दुरुस्तीला दिली होती. तिच्या आईवडिलांनी दावा लावला. त्यांच्या वतीने काम करणाऱ्या तंत्रज्ञाने जुना व नवा स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा एकाच क्रमांकाचे हे दोन भाग आतून वेगळे असल्याचे दिसले.

फेब्रुवारी व मार्च २०१४ मध्ये टप्प्याटप्प्याने सुमारे २६ लाख गाड्या परत मागवण्यात आल्या. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यू व २७५ जखमींचे दावे मान्य केले. १५ कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले. सुरक्षा प्रशासनाने साडेतीन कोटी डॉलर दंड केला आणि २०१५ मध्ये फौजदारी चौकशी मिटवताना कंपनीने ९० कोटी डॉलर मोजले. चौकशी अहवालातून पुढे आलेले चित्र कटकारस्थानाचे नव्हते. बैठकीत सर्वांनी माना डोलवायच्या आणि नंतर कोणीच काही करायचे नाही, अशा कार्यसंस्कृतीचे ते चित्र होते.

आपला कायदा काय सांगतो?

भारतात २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची ऐच्छिक संहिता होती. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सक्तीने गाड्या परत मागवण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना ते लागू आहेत. वार्षिक विक्रीच्या प्रमाणात ठरावीक संख्येने तक्रारी आल्या, तर चौकशी होऊन आदेश निघू शकतो. आदेशान्वये गाड्या परत मागवाव्या लागल्यास १० लाख ते १ कोटी रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. उत्पादकाने स्वतःहून दोष कळवून गाड्या मागवल्या, तर दंड नाही.

ही रचना कागदावर वाजवी वाटते. पण तिची मदार तक्रारींच्या संख्येवर राहिली, तर दोन अडचणी संभवतात. पहिली ही की, बंद पडलेली गाडी नेणारा ग्राहक सरकारी पोर्टलवर जात नाही, गॅरेजमध्ये जातो. दुसरी अधिक गंभीर आहे. सर्वांत घातक दोष बहुधा विरळा असतो आणि पुष्कळदा तक्रार करायला चालकच उरत नाही. अपघाताच्या नोंदीत ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढेच लिहिले जाते. ताबा आधी सुटला की इंजिन आधी बंद पडले, हे तपासण्याची पद्धत असल्याखेरीज संख्येचा उंबरठा ओलांडला जाणार नाही.

कायद्यात यावर वाट आहे. चाचणी संस्थेचा अहवाल किंवा अन्य कोणत्याही स्रोताकडून आलेली माहिती यांवरूनही सरकार आदेश देऊ शकते. या तरतुदीचा वापर करायचा, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील ‘चालताना बंद पडली’ ही प्रत्येक नोंद सुरक्षेची तक्रार म्हणून परिवहन यंत्रणेकडे आपोआप पोहोचली पाहिजे. प्राणघातक अपघातातील गाडीची तांत्रिक तपासणी करताना इंजिन, वीजपुरवठा व एअरबॅगची स्थिती नोंदवली गेली पाहिजे. जुनी गाडी नव्या मालकाच्या नावे होताना तिच्यावरील प्रलंबित दुरुस्तीची सूचना त्याला मिळाली पाहिजे.

ग्राहकानेही एक पथ्य पाळावे. गाडी सर्व्हिसिंगला देताना बंद पडल्याची तारीख, वेग व प्रसंग जॉब कार्डवर लिहून घ्यावा आणि त्याची प्रत जवळ ठेवावी. प्रत्यक्ष प्रसंगी धोक्याचे दिवे लावून, ब्रेक वारंवार न दाबता एकदाच घट्ट दाबून गाडी कडेला घ्यावी. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नये, कारण स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

जॉर्जियातील त्या तरुणीने तक्रार वेळेवर केली होती आणि गाडी योग्य ठिकाणीच नेली होती. कंपनीच्या दप्तरात त्याच दोषाची माहिती त्याआधी पाच वर्षे पडून होती. या दोन कागदांची गाठ पडली असती, तर पुढचा खटला उभा राहण्याचे कारण उरले नसते.